अर्धा चमचा

परवा राहात्याला एका साखरपुड्याला गेले होते. मुलीकडची मंडळी जवळची, त्यामुळे जाणं भाग होतं आणि जायचंही होतं. मांडवात शिरल्या शिरल्या एका पोरीने चहाचा ट्रे पुढे केला. मी म्हटलं, "बाळा, बिनसाखरेचा असेल तर दे, नसेल तर राहू दे." झालं! शेजारच्या खुर्चीवरच्या वन्सं मोठ्यानं म्हणाल्या, "कारखान्यात उभा जन्म गेला तुमच्या घराचा, आणि तुम्ही बिनसाखरेचा चहा पिणार? तेही साखरपुड्याला?" चार बायका हसल्या. मीही हसले. पण घरी आल्यावर ते वाक्य डोक्यातून जाईना, म्हणून लिहायला बसले.

साखर सोडल्याला मला आता तीन वर्षं होत आली. ह्या तीन वर्षांत मी ह्यावर जेवढं ऐकून घेतलंय तेवढं निवृत्तीच्या वेळीही कोणी माझ्याबद्दल बोललं नव्हतं. तेव्हा एकदाच काय ते सगळं सांगून टाकते. नात्यातले बरेच जण हे वाचतात, त्यांना निदान पुन्हा पुन्हा विचारावं लागणार नाही.

आधी आमच्या जिल्ह्याबद्दल. (आता अहिल्यानगर म्हणायचं, २०२४ मध्ये नाव बदललं. पण सत्तर वर्षांची जीभ आहे, ती नगरच म्हणते. चालवून घ्या.) आमच्याकडे साखर ही नुसती खायची वस्तू नाही. भंडारदऱ्याचं धरण १९२६ मध्ये पुरं झालं, प्रवरेच्या कालव्यांना पाणी आलं आणि दुष्काळी माळावर ऊस उभा राहिला. हरेगावचा बेलापूर कंपनीचा कारखाना, टिळकनगरचा कारखाना, हे सगळे खाजगी. कोपरगाव तालुक्यात तर साकरवाडी नावाचं गावच आहे. मग विठ्ठलराव विखे पाटलांनी धनंजयराव गाडगीळांना बरोबर घेऊन लोणीला शेतकऱ्यांचा स्वतःचा कारखाना उभा केला. महाराष्ट्रातला पहिला सहकारी साखर कारखाना, १९५०-५१ च्या हंगामात त्याचं पहिलं गाळप झालं. माझा जन्म त्याच्या आगेमागेचा. म्हणजे आम्ही बरोबरीनेच वाढलो म्हणायचं. शाळा, दवाखाने, रस्ते, पोरींची कॉलेजं, आमच्या भागात जे जे काही उभं राहिलं त्याच्या पायात कुठेतरी उसाची मोळी आहे. माझ्या वडिलांचा ऊस कारखान्याला जात होता म्हणून मी बी.ए. झाले, नाहीतर सातवीनंतर लग्न ठरलेलंच होतं. तेव्हा साखरेला वाईट म्हणताना माझी जीभ जरा अडखळतेच. खाल्ल्या मिठाला जागावं म्हणतात. खाल्ल्या साखरेला जागायचं म्हणजे काय करायचं, हा माझा प्रश्न आहे.

गंमत अशी की ज्या घरात ऊस होता त्या घरात माझ्या लहानपणी साखर फारशी नव्हतीच. रेशनकार्डावर मिळायची ती मोजकी, आणि ती डब्यात घालून डबा फळीवर. पाहुणा आला की साखरेचा चहा. आम्हाला गुळाचा, तोही सकाळी एकदा. गोड म्हणजे होळीची पोळी, पोळ्याची पोळी, दिवाळीचं काय ते, आणि सुगीत कुणाच्या गुऱ्हाळावर गेलो तर काकवी. पाडव्याला साखरेची गाठी गळ्यात घालून दिवसभर मिरवायची आणि संध्याकाळपर्यंत तिचा एकेक पदक चाटून संपवायचा. त्या दिवशी सकाळी कडुनिंब चावलेला असायचा, म्हणून ती गाठी जास्तच गोड लागायची. वर्षातले असे दहा-पंधरा दिवस धरा. बाकी बाजरीची भाकरी, हुलग्याचं नाहीतर मठाचं कालवण, आणि ठेचा.

मग कारखान्याच्या सभासदांना दिवाळीला सवलतीच्या दरात साखर मिळायला लागली. वडिलांनी पहिल्यांदा ती आणली तेव्हा आईने पोत्याला हळदकुंकू लावलं होतं, ते मला अजून दिसतं. मग डबा फळीवरून खाली आला. मग मोठा डबा आला. माझं लग्न झालं तेही कारखान्यातच नोकरी असणाऱ्याशी. हे प्रयोगशाळेत होते. उसाचा रस, मळी, साखरेचा दाणा, सगळ्याची तपासणी. हातावर चिमूटभर साखर घेऊन, बोटाने पसरून सांगायचे, ही एस, ही एम. चूक व्हायची नाही. आमच्या घरात चहाला साखर किती ह्याची चर्चाच कधी झाली नाही. दोन चमचे. आलेल्या माणसाला अडीच, कारण कमी पडली असं वाटायला नको.

यांना १९९८ मध्ये मधुमेह निघाला. आमच्याकडे कुणी मधुमेह म्हणत नाही, "शुगर झाली" म्हणतात. कारखान्यात शुगर, घरात शुगर आणि आता रक्तात शुगर, असा विनोद यांनीच पहिल्यांदा केला होता आणि आम्ही सगळे हसलो होतो.

इथे एक गोष्ट स्पष्ट करते, नाहीतर डॉक्टर झालेला आमचा भाचा मला फोन करील. साखर खाल्ली म्हणूनच मधुमेह होतो इतकं ते सोपं नाही. घराण्यात असतो, वजन वाढतं, बसून राहणं असतं, वय असतं. यांच्या वडिलांनाही होता. पण एकदा तो झाल्यावर रोजच्या गोडाला आवर घालायचा, हे तर डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. आवर मी घालायचा होता, कारण चहा मी करत होते.

मी दोनाचा एक चमचा केला. हे म्हणाले, "अगं, हा चहा आहे की काढा?" मी अर्धा वाढवला. मग डॉक्टर रागावले की अर्धा कमी करायचा, मग घरात कुरबुर झाली की अर्धा वाढवायचा. वर्षानुवर्षं आमचं हे चाललं. "अर्ध्या चमच्याने काय होतंय" हे वाक्य आमच्या घरात किती वेळा म्हटलं गेलं असेल, आणि त्यातलं निम्म्या वेळा ते मीच म्हटलं असेल. दमून आलेल्या माणसापुढे फिक्का चहा ठेवायला माझा हात धजायचा नाही. माया होती ती. निदान तेव्हा मला तसंच वाटत होतं. पुढे डोळ्यांचं झालं, मग मूत्रपिंडाचं. शेवटची दोन वर्षं आठवड्यातून दोनदा डायलिसिस. २०१४ मध्ये हे गेले. डॉक्टर म्हणाले, बाई, त्या अर्ध्या चमच्याला धरून बसू नका, ह्याला पन्नास कारणं असतात. असतील. एकोणपन्नास माझ्या हातात नव्हती.

आणि त्याच साखरेने एकदा यांचा जीवही वाचवलाय, हेही सांगायला हवं. गोळी घेऊन न जेवता एस.टी.त बसले होते. नेवाशाच्या पुढे दरदरून घाम, हातपाय थरथरायला लागले. मी पिशवीतल्या पुडीतली साखर तोंडात घातली, पाण्याचा घोट दिला, दहा-पंधरा मिनिटांत माणूस ताळ्यावर. ज्यांना मधुमेहाची औषधं किंवा इन्शुलिन चालू आहे त्यांनी माझं ऐकून एकदम काही करू नये. आधी आपल्या डॉक्टरांना विचारावं, आणि पुडी जवळ ठेवावी. माझी ती पुडी अजून त्या पिशवीत आहे. असो.

इतकं सगळं पाहून मी शहाणी झाले असेन असं तुम्हाला वाटेल. नाही. हे गेल्यावर माझा चहा उलट वाढला. घर रिकामं, दुपार मोठी. चहा, त्यात बिस्किट बुडवायचं, पुन्हा चहा. मग माझ्या तपासणीत तीन महिन्यांची साखर ६.३ आली. ६.५ ला मधुमेह म्हणतात. उंबऱ्यावर उभी होते म्हणा ना.

त्या रात्री मी वहीत गणित मांडलं. मास्तरीणच मी, कागदावर उतरल्याशिवाय पटत नाही. घरात माणसं चार: मी, मुलगा, सून, नातू. महिन्याला साखर सहा किलो. तर दर माणशी दर दिवशी किती? चौथीचं उदाहरण आहे. पन्नास ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये सांगितलंय की वरून घातलेल्या साखरेतून (त्यात मध आणि फळांचा रससुद्धा आला) दिवसाच्या एकूण ऊर्जेच्या १० टक्क्यांहून कमी ऊर्जा यावी, आणि ५ टक्क्यांच्या खाली आणलं तर आणखी चांगलं. दोन हजार कॅलरी खाणाऱ्या माणसाला १० टक्के म्हणजे पन्नास ग्रॅम आणि ५ टक्के म्हणजे पंचवीस. म्हणजे आमची हद्द डब्यातल्या साखरेतच संपत होती. बिस्किटं, नातवाच्या दुधातली चॉकलेटची पावडर, जाम, टोमॅटोचा सॉस, लग्नातलं जेवण, हे सगळं हातचे धरायचे राहिलेच होते! एक टन उसातून साधारण शंभर-एकशेदहा किलो साखर निघते. त्या हिशोबाने आमचं चार माणसांचं घर वर्षाला सात क्विंटलच्या आसपास ऊस नुसता चमच्याने खात होतं. आणि ह्यातला एकही चमचा सणाचा नव्हता.

मला जे म्हणायचंय ते हेच आहे. माझं भांडण पुरणपोळीशी नाही. माझं भांडण रोजच्या साखरेशी आहे, जी आपण खातो हे आपल्याला कळतसुद्धा नाही. माझ्या आईच्या घरात गोडाला दिवस ठरलेला होता, म्हणून त्याला चव होती. आपण तो दिवस रोजचा केला आणि वर गोड गोड लागेनासं झालं म्हणून आणखी साखर घातली.

संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी सुरुवात केली, डब्यात तिळगूळ असताना. (मुहूर्त काढणाऱ्याला नमस्कार!) आधी कमी कमी करून पाहिलं. दोनाचा दीड, दीडाचा एक. आणि पुन्हा तो अर्धा चमचा आला. रोज स्वतःशी तीच घासाघीस, जी मी सोळा वर्षं यांच्याशी केली होती. चौथ्या-पाचव्या दिवशी चमचा हातात धरून ओट्यापाशी उभी राहिले आणि रडू आलं. त्या दिवसापासून पूर्ण बंद. दुसऱ्या कुणाला हळूहळू जमत असेल, जमो बापडं. मला अर्धा चमचा जमत नाही एवढं कळलं.

पहिले आठ-दहा दिवस वाईट गेले. डोकं जड, चिडचिड, सुनेवर विनाकारण ओरडले. (सूनबाई, वाचत असशील तर, झालं गेलं विसर.) मुलाने गोड गोळ्यांची डबी आणून दिली. एक दाबली की चहा गोड, साखर शून्य. महिनाभर वापरली. पण मग लक्षात आलं की जीभ जिथल्या तिथेच आहे, तिला गोड हवंच आहे, फक्त दुकान बदललंय. पुढे २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनेच सांगितलं की वजन आटोक्यात ठेवायला ह्या गोळ्या वापरू नका. हा सल्ला मधुमेह असलेल्यांसाठी नाही, त्यांचं वेगळं. मी डबी बंद केली.

आणि गूळ! ह्या गुळाने मला जेवढं छळलंय तेवढं साखरेने छळलं नाही. "साखर नाही ना चालत, मग गुळाचा करते." जिकडे जाल तिकडे आता गुळाच्या चहाच्या टपऱ्या, पाटीवर लिहिलेलं असतं की जणू काढाच आहे. अहो, गूळ तरी कशाचा? त्याच उसाच्या रसाचा ना? काहिलीत आटवला की गूळ, कारखान्यात दाणा पाडला की साखर. गुळात थोडं लोह वगैरे असतं हे मीही शाळेत शिकवलंय, पण त्यातला बराचसा भाग साखरच. आमच्या लहानपणी गुळाचा चहा चालायचा, कारण तो सकाळी एकदाच मिळायचा आणि नंतर दिवसभर शेतात कंबर मोडायची.

ह्यावरून एक आठवलं. नोकरीत असताना हंगामात मी ऊसतोडणीवाल्यांच्या कोप्यांवर जायची, पोरं साखरशाळेत पाठवा म्हणून सांगायला. पाथर्डीकडची, बीडकडची माणसं. एका बाईने मला कोपीत बसवून कोरा चहा दिला. पातेल्यात साखर मुठीने टाकलेली. इतका गोड चहा मी जन्मात प्यायले नव्हते. ती म्हणाली, "बाई, पहाटे तीनला उठून फडात जायचं, भाकरी नऊ-दहाला. तवर हाच आधार." ती साखर तिच्या अंगात दोन तासही टिकत नसेल, कोयत्याच्या मुठीतून बाहेर पडत असेल. माझ्या चहातली साखर कुठे जाणार होती? खुर्चीत. म्हणून सगळ्यांनी साखर सोडा असं मी म्हणत नाही. तिला मी कुठल्या तोंडाने सांगू? मी सांगतेय ते माझ्यासारख्या बसून खाणाऱ्यांना. तो चहा आज कुणी मला तशा कोपीत दिला तर मी घेईन, मुकाट्याने घेईन. राहात्याच्या मांडवात मात्र घेणार नाही.

तीन-चार आठवड्यांनी काय झालं ते ऐका. शाळेत विज्ञानाच्या तासाला मी पोरांना भाकरीचा तुकडा द्यायची आणि सांगायची, गिळू नका, नुसता चावत राहा. थोड्या वेळाने एकेक जण ओरडायचा, "बाई, गोड लागायलाय!" लाळेतल्या टायलिनने पिठुळाची साखर होते. मी हे पंचवीसेक वर्षं शिकवलं आणि मला स्वतःला ती भाकरी कधी गोड लागली नव्हती. शिकवायचं म्हणून शिकवत होते! आता लागते. बाजरीची भाकरी गोड, नुसतं दूध गोड, भाजलेला कांदा गोड. थंडीत हुरडा खाल्ला तर वाटलं कुणी पाक घातलाय की काय. राहात्याचा पेरू मी आयुष्यभर तिखटमीठ लावून खाल्ला, आता नुसताच खाते. आणि चहाला चहाची चव असते, ही बातमी मला बहात्तराव्या वर्षी कळली. वर्षभराने तपासणी केली, ५.८ आली. म्हणजे अजून पूर्ण सुटका नाही, पण उंबऱ्यावरून चार पावलं मागे. त्यात चालणं वाढवलं, रात्रीचा भातही कमी केला, तेव्हा सगळं श्रेय साखरेला देत नाही.

आता खरं अवघड राहिलंय ते माझं नाही, नातवाचं. त्याला गोडाची सवय लावली कोणी? मीच. शाळेतून आला की ह्या आजीच्या पदराला गोळी बांधलेली. आता त्याच्या दोन दाढा भरून झाल्यात आणि साधं दूध बघितलं की तोंड फिरवतो. शाळेत रोज कुणाचा तरी वाढदिवस, रोज चॉकलेटं. आम्हीही पंधरा ऑगस्टला गोळ्या वाटत होतोच, पण वर्षातून दोनदा. २०२५ मध्ये सीबीएसईने आपल्या शाळांना 'शुगर बोर्ड' लावायला सांगितलं, कशात किती साखर ते पोरांना दिसेल असं. नातवाच्या शाळेत ते लागलंय. त्याने घरी येऊन बिस्किटाच्या पुड्यावरचं बारीक छापलेलं मला वाचून दाखवलं, आणि मग तेच बिस्किट खाल्लं. मी काही बोलले नाही. वाचतोय तर वाचू दे आधी.

तर नात्यातल्या मंडळींना माझी विनंती. दिवाळीला, राखीला, सहज म्हणून येताना मिठाईचे डबे आणू नका. पेरू आणा, सीताफळं आणा, शेंगा आणा, नाहीतर हात हलवत या. मी दिवाळीला करंजी करीन, होळीला पोळी करीन, तुम्हाला वाढीन आणि तुमच्याबरोबर एक खाईन. आणि माझ्या घरी चहा विचारताना मी "साखर किती?" असं विचारणार, आल्या आल्या अडीच चमचे घालणार नाही. त्यात तुमचा अपमान नाही. वन्सं, हे तुमच्यासाठी :-)

लिहीत होते तेवढ्यात धाकट्या भावाचा फोन आला. वडिलांचा शेअर आता त्याच्या नावावर आहे, दरवर्षी सभासदाच्या साखरेतली दहा किलो तो मला पोचवतो. बहिणीचा वाटा म्हणून. "आक्का, साखर आलीय. रविवारी घेऊन येतो." तीन वर्षं मी ती घेतेय आणि शेजारीपाजारी वाटतेय, त्याला सांगितलेलं नाही. आज म्हटलं सांगून टाकावं. म्हटलं, "अरे, ह्या वर्षी नको आणूस. संपत नाही." तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "बाबांच्या वेळेपासूनची रीत आहे, आक्का. रिकाम्या हाताने कसा येऊ?"

"बाजरी आण," म्हटलं. "घरची."

"किती?"

"दहा किलो."